हुबेहूब मेफ्लाय, तरी ट्राउट तोंड फिरवतो: तपासायचं कुठून?

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे अडीच. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांत, रोस्को गावाच्या खाली, बीव्हरकिल नदीत मी मांडीएवढ्या पाण्यात उभा. हेंड्रिक्सन या मेफ्लायचा (नदीत वाढणारा पंखवाला किडा) हॅच, म्हणजे पाण्यातून एकदम थव्याने बाहेर पडणं, ऐन भरात आलेला. आपल्याकडे पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती पंखवाली वाळवी जमते ना, तशी गर्दी, फक्त पाण्यावर. माझ्या दोऱ्याच्या टोकाला होती ती फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेली नकली माशी, बांधायला आदल्या रात्री तास गेला होता. पंखांवर पेनाने काढलेल्या शिरा, गाठ मारून गुडघे दिलेले सहा पाय, मोजून तीन शेपट्या. ट्राउट मासा वर येई, नाक लावल्यासारखं करी आणि खाली जाई. असं अकरा वेळा. माझ्या खालच्या बाजूला एक आजोबा उंदराने कुरतडल्यासारखी दिसणारी फ्लाय वापरत होते आणि तिसरा मासा सोडत होते.

मी न्यू जर्सीत राहतो आणि दर वसंतात या नद्यांवर जातो. हा बिघाड माझ्या स्वतःच्या हातून इतक्यांदा झालाय आणि नवीन बांधायला लागलेल्या आमच्या मंडळींच्या हातून होताना इतक्यांदा बघितलाय, की तपासणीचा क्रम आता डोक्यात पक्का बसलाय. खाली तोच देतोय. फुकट होणारी तपासणी आधी, व्हाइसपुढे, म्हणजे फ्लाय बांधताना गळ धरणाऱ्या पकडीपुढे, बसायला लावणारी शेवटी. हा क्रम मोडू नका. आपण सगळे हीच चूक करतो: मासा फिरला की आधी फ्लाय बदलतो, आणि दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

आधी लक्षणं नीट बघा

नकार सगळे सारखे नसतात. मासा फ्लायच्या खाली येतो, तिच्याबरोबर उलटा उलटा हात-दीड हात वाहत जातो, मग बुडतो. याचा अर्थ त्याला फ्लाय जवळजवळ पटली होती, काहीतरी बारीक खटकलं. आकार, टिपेट (फ्लायला बांधलेला दोऱ्याचा शेवटचा, बारीक तुकडा) किंवा अगदी सूक्ष्म ड्रॅग (दोऱ्यामुळे फ्लायला बसणारी ओढ).

शेवटच्या क्षणी फ्लायखाली पाणी उसळतं, तुम्ही रॉड उचलता, हाताला काहीच लागत नाही. ‘सुटला’ असं वाटतं. सुटला नाही, तो लागलाच नव्हता. तोंड मिटून वळला आणि उसळी त्याच्या शेपटीची होती. इथे संशय सरळ ड्रॅगवर.

ढुंकूनही बघत नाही, पण वीतभर बाजूची खरी माशी खातो, असं असेल तर तुम्ही चुकीच्या अवस्थेची फ्लाय टाकताय किंवा ती त्याच्या रेघेत येतच नाहीये. ट्राउट एका ठिकाणी ठाण मांडून एकाच पट्ट्यात येणारं खातो. भरल्या ताटावरून उठून शेजारच्या ताटात कोण जाईल?

पहिला मासा लागला आणि त्यानंतर शुकशुकाट: फ्लाय भिजली, बुळबुळीत झाली. आणि दहा-बारा कास्टनंतर, म्हणजे फेकींनंतर, टिपेट लॅंडलाइन फोनच्या वायरीसारखं कुरळं होत असेल, तर तो खास हुबेहूब फ्लायचा रोग आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

पाच मिनिटं काहीच करू नका

खर्च शून्य, आणि सगळ्यांत अवघड. रॉड काखेत धरा आणि एकाच माशाकडे बघा. पाण्याबाहेर नाक दिसतंय का, आणि मागे बुडबुडा राहतोय का? मग तो पृष्ठभागावरची माशी खातोय, सोबत हवा गिळून सोडतोय. नाक नाही, फक्त पाठ आणि पाठीचा पर दिसतोय? मग तो पृष्ठभागाच्या जरा खाली, कात टाकत वर येणाऱ्या माश्या खातोय, आणि तुमची पंख उभारलेली देखणी फ्लाय त्याच्या डोक्यावरून उगाच जातेय.

इथे मेफ्लायबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात. तिचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली दगडांत, निम्फ म्हणून जातं. मग ती वर येते, पृष्ठभागावर कात फोडून राखाडी, धुरकट पंखांची ‘डन’ बाहेर पडते, पंख सुकेपर्यंत होडीसारखी वाहते आणि उडते. झाडावर जाऊन ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक हा एकच. आता पंख काचेसारखे स्वच्छ, शरीर सडपातळ. ही ‘स्पिनर’. ती समागम करते, अंडी घालते आणि पंख पसरून पाण्यावर मरून पडते. म्हणजे निम्फ, कात टाकत वर येणारी, डन आणि स्पिनर असे एकाच माशीचे चार अवतार, आणि ट्राउटची मर्जी ज्या वेळी ज्याच्यावर असेल तोच चालतो. हेंड्रिक्सन, म्हणजे एफेमरेला सबव्हेरिया, दुपारी डन होऊन निघते आणि एक-दोन दिवसांनी, संध्याकाळी स्पिनर होऊन पडते. संध्याकाळी सहाला दुपारची फ्लाय टाकत बसलेले कितीतरी लोक मी बघितलेत. त्यात मीही.

ड्रॅग

खऱ्या माशीला दोरा नसतो. ती पाणी नेईल तशी जाते. तुमच्या फ्लायला दोरा आहे, आणि मधला वेगवान पाण्याचा पट्टा तो दोरा ओढतो. फ्लायमागे व्ही आकाराची रेघ दिसली तर ते कोणालाही कळतं. खरा घात करतो तो न दिसणारा ड्रॅग. बारा मीटरवरून तुम्हाला फ्लाय मस्त वाहताना दिसते, आणि माशाला दिसतं की ही माशी पाण्यापेक्षा बोटभर जास्त सरकली.

ओळखायचं कसं? फ्लायशेजारचा फेसाचा एक बुडबुडा धरा. दोघं जोडीने चालले पाहिजेत. बुडबुडा पुढे गेला किंवा मागे राहिला की ड्रॅग आहे, वाद नको.

उपायही फुकट आहेत. दोन पावलं वर किंवा बाजूला सरका. नुसतं उभं राहायची जागा बदलून जेवढे मासे मला लागलेत, तेवढे कुठल्याही नव्या फ्लायने लागलेले नाहीत. कास्ट हवेत असतानाच रॉड प्रवाहाच्या वरच्या दिशेला झुकवा, म्हणजे दोरा वरच्या बाजूला पडतो आणि ओढ लागायला वेळ मिळतो. आणि लीडर, म्हणजे जाड दोरा आणि टिपेट यांना जोडणारा निमुळता दोरा, ताठ पडू देऊ नका. नवशिक्यांना सरळ रेघेत कास्ट पडला की आनंद होतो. ड्राय फ्लायला, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लायला, ती सरळ रेघ म्हणजे ताणलेली दोरी. टिपेट थोडं नागमोडी, आळसावल्यासारखं पडायला हवं.

टिपेट

आता थोडा खर्च. जाडीचा हिशेब सोपा आहे. टिपेटची जाडी ‘एक्स’च्या आकड्यात सांगतात. तो आकडा ११ मधून वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागांत. ५ एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, अंदाजे ०.१५ मिलिमीटर. फ्लायच्या नंबराला ३ ने भागलं की कुठला एक्स लावायचा ते कळतं, १४ नंबरच्या गळाला ५ एक्स. हा ठोकताळा आहे, कायदा नाही.

पण जाडीपेक्षा मी लांबीवर जास्त भांडतो. टिपेट हातभर असेल तर ते अडीच-तीन फूट करून बघा. लांब टिपेटमध्ये ढील राहते, म्हणजे हाही ड्रॅगचाच इलाज. बारीक टिपेटला गुण आला असं आपल्याला वाटतं तेव्हाही पुष्कळदा तो बारीक दोरा दिसला नाही म्हणून नसतो, मऊ होता म्हणून असतो. शिवाय अति बारीक दोऱ्यावर मासा फार वेळ खेळवावा लागतो, तो दमतो आणि सोडल्यावर मरतो. ५ एक्सने भागत असेल तर ७ एक्सच्या मागे लागू नका.

टिपेट पाण्यावर तरंगत, चमकत असेल तर काठावरच्या चिखलात चिमटीने घासा. चमक जाते, ते बुडतं. चिखल फुकट मिळतो.

फ्लाय तरंगतेय, पण कशी?

मासा लागून गेल्यावर फ्लायवर त्याची बुळबुळ बसते. पाण्यात खळबळून धुवा, रुमालात दाबून कोरडी करा, मग सिलिका पावडरच्या डबीत टाकून हलवा. सीडीसीची, म्हणजे बदकाच्या तेलग्रंथीभोवतीच्या पिसांची फ्लाय असेल तर फ्लाय तरंगावी म्हणून लावतात त्या जेलचं बोट तिला लावूही नका. ते पीस तंतू पसरून हवा धरतं म्हणून तरंगतं. जेलने तंतू चिकटतात आणि सगळंच बसतं. एकाने माझ्याकडून घेतलेल्या सहाच्या सहा सीडीसी फ्लाय घरीच प्रेमाने जेल चोपडून आणल्या होत्या. काय बोलणार!

एक नंबर लहान, आणि मग अवस्था

टोपीने किंवा हाताने एक खरी माशी पकडा आणि तुमच्या फ्लायशेजारी तळहातावर ठेवा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी चकित झालो होतो. माझी फ्लाय तिच्या दीडपट होती. हवेत उडणारी माशी पंखांमुळे मोठी वाटते आणि आपण तसंच बांधतो. शंका आली की एक नंबर लहान लावा (आकडा मोठा, तेवढा गळ लहान). रंगाची चिंता सर्वांत शेवटी.

आकार जुळला तरी नकार येतोय, तर अवस्था बदला: कात अर्धी अडकलेला इमर्जर, पंख वाकलेली अपंग डन, सपाट पंखांची स्पिनर. अपंग फ्लायवर माझा विशेष जीव आहे. जी उडू शकत नाही ती माशापासून पळून जाणार नाही. एक सूचना मात्र क्विल गॉर्डन या दुसऱ्या मेफ्लायच्या हॅचसाठी, जो हेंड्रिक्सनच्या जरा आधी येतो. या माशीची कात पाण्याखालीच सुटते आणि डन पंखांसह पाण्यातून वर येते. म्हणून त्या दिवशी साधी, जुन्या वळणाची बुडती वेट फ्लाय चालते आणि ड्राय फ्लायवाले कपाळाला हात लावून बसतात.

काठावरची कात्री

परत त्या आजोबांकडे. अकराव्या नकारानंतर त्यांनी हात पुढे केला. मी फ्लाय त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती चष्मा कपाळावर सरकवून बघितली, छान आहे म्हणाले, आणि गळ्यातल्या निपरने माझ्या डोळ्यांदेखत तिचे चार पाय उडवले. मग पंखांचा वरचा तृतीयांश. मग पोटाखालचे हॅकलचे, म्हणजे गळाभोवती गुंडाळलेल्या पिसाचे, केस सपाट कापले. माझा एक तास त्यांच्या वेडर्सवर, म्हणजे पाण्यात उतरायच्या विजारीवर, सांडला होता. चौथ्या कास्टला तपकिरी ट्राउट लागला.

त्यांनी काय केलं ते कळायला मला पुढचा हिवाळा लागला. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं जग फक्त एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो, मासा कितीही खोल असला तरी. एक फूट खोलीवरच्या माशाची खिडकी सव्वादोन फूट रुंद. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग म्हणजे आरसा, त्यात नदीचा तळ दिसतो. लांबून येणारी माशी माशाला आधी दिसतच नाही. दिसतात ते तिच्या पायांनी आणि पोटाने त्या आरशाला पाडलेले चमकते खळगे. ती जवळ आली की खिडकीच्या कडेवर पंखांची टोकं दिसतात, आणि सगळ्यांत शेवटी बाकीची माशी. फ्लायच्या मासेमारीवर लिहिणारे व्हिन्सेंट मारिनारो यांनी पेनसिल्व्हेनियाच्या लेटॉर्ट नदीकाठी हेच बारकाईने अभ्यासलं होतं.

म्हणजे मी पंखावर काढलेल्या शिरा कोणासाठी होत्या? माझ्यासाठी. आणि ते सहा ताठ पाय फ्लायला पृष्ठभागाच्या वर मचाणावर बसवल्यासारखं उचलून धरत होते. खरी माशी पाण्याला जिथे टेकते तिथे माझी टेकतच नव्हती. कोकणात गरवायला जातो तेव्हा गरीला कोळंबी लावली की वास अर्धं काम करतो. इथे वास नाही, चव नाही. पाण्याला पडलेला खळगा आणि पंखाची सावली, एवढ्यावर निकाल.

म्हणून नदीवर असाल तर कात्री काढा. पोटाखालचं हॅकल सपाट करा, जास्तीचे पाय उडवा. फ्लाय खाली बसेल. आवडणार नाही, पण करा.

घरी: वाडगा आणि टेबलफॅन

आता व्हाइसपुढचं काम. हंगामाआधी मी प्रत्येक नव्या बनावटीच्या दोन परीक्षा घेतो.

काचेच्या वाडग्यात पाणी घ्या. दीड फुटावरून फ्लाय दहा वेळा सोडा. आठ वेळा तरी सरळ बसली पाहिजे. कुशीवर पडत असेल तर पंख उंच आहेत, जड आहेत, किंवा शेपट्या एकत्र चिकटल्यात. मग वाडगा डोक्याच्या वर धरून खालून बघा. काय दिसतं ते बघून मी दोन बनावटी कायमच्या सोडल्या. (पाणी अंगावर सांडतं. बायकोला आधी सांगून ठेवा.)

दुसरी परीक्षा: फ्लायला दोन फूट टिपेट बांधून चालू टेबलफॅनसमोर धरा. ती गरगर फिरली तर नदीवर प्रत्येक कास्टला फिरणार आणि टिपेट पिळणार. लक्षणांत सांगितलेली फोनची वायर ती हीच. पिळलेलं टिपेट फ्लायला पाण्यावर हळूहळू कलवतं, आणि माशाला ते दिसतं. दोष जवळजवळ नेहमी प्लॅस्टिक फिल्मच्या किंवा कापून आकार दिलेल्या ताठ पंखांत असतो. दोन पंख केसभर जरी असमान असले तरी त्यांचा पंखाच होतो. मऊ, हवा आरपार जाऊ देणारा पंख बांधा, रोग गेला.

माझी कामाची हेंड्रिक्सन अशी. बारीक तारेचा १४ नंबरचा ड्राय फ्लाय गळ. पंख हरणाच्या बारीक, आखूड केसांचे. टोकं स्टॅकर नावाच्या नळीत ठोकून सारखी करायची, गळाच्या वळणापासून डोळ्याकडे पाऊण अंतरावर बांधायची आणि पुढून धाग्याची भिंत रचून अर्ध्या वर्तुळात मोराच्या पिसाऱ्यासारखी उभी करायची. पंखांची उंची गळाच्या दांड्याएवढी, जास्त नाही. शेपट्या कृत्रिम तंतूंच्या, दोन बाजूंना फाकलेल्या. खऱ्या माशीला तीन असतात हे मला माहीत आहे, पण होडीला बाजूला जशी उलांडी असते तसं काम या फाकलेल्या शेपट्यांचं. मधली गाळली तरी चालेल, फाक गाळू नका. धाग्याचा छोटा गोळा बांधून त्याच्या दोन्ही अंगांना तंतू दाबले की फाक टिकते. शरीर गुलाबीसर पिवळट डबिंगचं, म्हणजे धाग्यावर पिळलेल्या लवेचं, बारीक, शेपटीकडे निमुळतं. हॅकल नाहीच. ही घडण कम्पॅराडनची, अल कॉची आणि बॉब नास्तासी यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली.

डबिंगच्या त्या गुलाबी छटेसाठी जुने कॅटस्किलवाले कोल्हिणीच्या पोटाची, मूत्राने डागाळलेली लव वापरत. मी बाजारातलं रंगवलेलं पाकीट घेतो आणि मासे तक्रार करत नाहीत. मूळ हेंड्रिक्सन फ्लाय रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ साली बांधली आणि मित्राचं नाव तिला दिलं. त्याच्याही आधी, १८९० साली, इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी कॅटस्किलमधले फ्लाय बांधणारे थिओडोर गॉर्डन यांना आपल्या ड्राय फ्लायचा संच पाठवला होता. त्या फ्लाय संथ, काचेसारख्या चॉक स्ट्रीमसाठी, म्हणजे खडूच्या दगडातून झिरपणाऱ्या ओढ्यांसाठी, होत्या. गॉर्डन यांनी तशाच न उतरवता इथल्या खळाळत्या पाण्यावर तरंगतील अशा बदलून बांधल्या. हुबेहूब कोणासारखं, याच्याआधी कुठल्या पाण्यावर हे बघावं लागतं.

आणि ती गुडघ्यांवाली फ्लाय? भिंतीवर चौकटीत आहे. पाहुण्यांना फार आवडते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

बुडबुड्याची परीक्षा पास होतेय, टिपेट लांब आहे, माशी जुळतेय, वाडग्यात फ्लाय सरळ बसतेय, तरी सलग तीन दिवस नकारच, तर दोष तुमच्या कास्टमध्ये आहे आणि तो स्वतःला दिसत नाही. लीडरमध्ये आपोआप गाठी पडत असतील तर नक्कीच. कास्टिंगच्या प्रशिक्षकाकडे एक तास घ्या. व्हिडिओ बघून हे सुटत नाही, मी दोन वर्षं प्रयत्न केलाय.

नदीच अनोळखी असेल तर परवानाधारक गाइडचा एक दिवस घ्या, विशेषतः डेलावेअरच्या वेस्ट ब्रँचवर. तिथलं पाणी कॅनन्सव्हिल धरणातून सोडतात आणि पातळी तुमच्या अंदाजाने चालत नाही. पाणी चढताना दिसलं की माशाचा विचार सोडून काठ गाठा. गाइडला पैसे देताना हात आखडतो हे मान्य, पण व्हाइस, पिसं आणि पाकिटांवर आपण जे उधळतो त्याचा हिशेब एकदा मांडून बघा.

गळ बोटात रुतला आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमटून दाबलेला असेल तर तो निघतो. काटा शाबूत असून सांध्याजवळ खोल गेला असेल, तर घरगुती कसरत नको, दवाखान्यात जा. डोळ्याजवळ असेल तर गळाला हातही न लावता जा. चष्मा घातल्याशिवाय कास्ट करू नका, हे त्या आजोबांनी फ्लाय कापायच्या आधी सांगितलं होतं.

जूननंतर थर्मामीटर जवळ ठेवा. पाणी २० अंश सेल्सियसला पोचलं की कुठलीही फ्लाय टाकू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि तेव्हा खेळवलेला ट्राउट सोडताना ठीक पोहत गेला तरी पुढे मरू शकतो. धरणाखालच्या थंड पाण्यावर जा, नाहीतर घरी येऊन वाडगा भरा.